आधी प्लास्टिक काढा

देऊळघाट
८ जुलै २०२४

चि. प्रसेनजित,

जयभीम. लिफाफ्यावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र खिशात कोंबशील आणि चार दिवस उघडणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. हे पत्र निकालाबद्दल नाही, लग्नाबद्दल नाही, आणि तू फोन बंद का ठेवलास त्याबद्दलही नाही. हे पत्र प्रिंटरबद्दल आहे. तेव्हा बिनधास्त वाच.

पत्ता कुठून मिळाला हे पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला विचारायचं नसतं. हा पत्ता खोलीचा आहे, दुकानाचा आहे की आणखी कशाचा, ते मला ठाऊक नाही. मी चौकशीही केलेली नाही.

आता कामाचं. आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत तू पूर्वी बसायचास ती अभ्यासिका आता दाटीवाटीनं भरते. पोलीस भरतीवाले, तलाठीवाले, नर्सिंगच्या पोरी. मोहल्ल्यातल्या मुलीही येतात, कारण गावात पंखा आणि शांतता एकाच छपराखाली दुसरीकडे नाही. पण सगळा अभ्यास मोबाइलमध्ये येऊन पडतो, आणि मोबाइलवर वाचून डोळे लाल करण्यापेक्षा पोरांना तो कागदावर हवा असतो. गावातलं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं. आता प्रत्येक पानासाठी बुलढाणा. जाणं-येणं, रांग, आणि परत येताना जीप भरेपर्यंत स्टँडवर उभं राहणं.

मुलगे जातात, त्यांना निमित्तच हवं असतं. अडचण मुलींची आहे. आपले शेजारी मेहबूबभाई यांची नात मुबीना तुला आठवत असेल, शेळ्यांमागे पळणारी. आता नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे आणि साऱ्या अभ्यासिकेत तिच्याइतकं मान मोडून कोणी वाचत नाही. परवा मेहबूबभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "दयाराम, पोरगी विहारात बसते, माही काई ना नाई. पण कागदासाठी संध्याकाळची बुलढाण्याच्या चौकात उभी राहीन, तं मी तिले घरी बसवीन. मंग मले बोलू नको." मेहबूबभाई बोलले की करतात, हे तुलाही माहीत आहे.

योगायोग असा की गावातल्याच एका निवृत्त इंजिनिअरने आईच्या स्मरणार्थ अभ्यासिकेला एक चांगला प्रिंटर द्यायचं कबूल केलं. कोणता घ्यायचा ते तुम्हीच ठरवा म्हणाले. झालं. समिती बसली. समितीत मी, धम्मशीला बाई, ज्या शाळेत शिकवतात आणि वर्षावासात पावसाळाभर दर रविवारी विहारात ग्रंथ वाचतात, आणि शालिग्राम. शालिग्राम सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हापासून त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. त्यांना रंगीत हवा आहे. बाईंना स्कॅन करणारा हवा आहे. आणि मला काहीच कळत नाही, त्यामुळे मला अध्यक्ष केलं आहे.

तू पुण्यात इतक्या अभ्यासिका पाहिल्यास. तिथे पोरांच्या झुंडी एकाच मशीनवर कागद काढत असतील, ती मशीनं कोणती असतात ते तू पाहिलं असशील. एवढंच विचारायचं होतं. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. पोस्टकार्डही चालेल, पोस्टकार्डाला मी कधीच कमी लेखलेलं नाही.

तुझी आई बरी आहे. तिने काही लिहायला सांगितलेलं नाही. ती शेजारी बसून मी काय लिहितो ते बघते आहे, इतकंच.

तुझा
बाबा


देऊळघाट
२९ जुलै २०२४

चि. प्रसेनजित,

कागद मिळाला.

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, आत 'ती. बाबा' नव्हतं, खाली सही नव्हती. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, सगळा मजकूर प्रिंटरबद्दल. लिफाफ्याच्या मागे कुठल्याशा दुकानाचा शिक्का आणि फोन नंबर होता. तो मी वाचला नाही, चष्मा जवळ नव्हता.

तुझ्या आईने कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंना नाव शोधलं, मग म्हणाली, "वाचा मोठ्यानं." मी वाचायला लागलो. रंगीत घेऊ नका, काळाच घ्या. शाईचा नको, लेझर घ्या, कारण घामाच्या हाताखाली शाई पसरते. दुकानदार महिन्याला इतकी पानं निघतात असा मोठा आकडा फेकेल, तो मशीनचा जीव जाईपर्यंतचा असतो. रोज सुखानं किती निघतील तो आकडा वेगळा विचारा. पावडर आणि ड्रम वेगवेगळे बदलता येतील असंच मशीन बघा. कागदाचं ताट मोठं असू द्या, नाहीतर कागद भरायला एक माणूस पगारी ठेवावा लागेल. शहरातून जुनं मोठं मशीन स्वस्तात मिळेल, पण त्याचा मेकॅनिक गावात राहत असेल तरच ते घ्या. इन्व्हर्टरवर कधीही लावू नका, लेझर तापताना एका दमात इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर मान टाकतो.

तुझी आई ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, हे कोणी साहेबानं लिहिलेलं दिसते. मी म्हटलं, असेल. मग शेवटची ओळ आली. 'पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका, ओल धरतो आणि मशीनमध्ये अडकतो. आईच्या डाळीच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.'

मी वाचायचा थांबलो. तुझ्या आईने कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली आणि चोळीत ठेवला. नंतर उठून स्वयंपाकघरात गेली, तो मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला, डाळ पिशवीत ओतली, डबा पुसून उन्हात ठेवला. ऊन नव्हतंच, आभाळ भरून आलं होतं, तरी ठेवला. "विहारात नेऊन द्या," म्हणाली. दिवसभर गाणं गुणगुणत होती. मी लग्नानंतर तिला इतकं गुणगुणताना ऐकलेलं नाही. तुला काय वाटायचं ते वाटो, मी आपलं जे झालं ते कळवलं.

तो कागद तिच्याकडून परत मिळवायला मला दोन दिवस लागले, कारण समितीत वाचून दाखवायचा होता. शालिग्राम ऐकून घेऊन म्हणाले, हे लिवलं कोण? मी म्हटलं, पुण्यातले एक जाणकार आहेत. शालिग्रामांना जाणकार म्हटलं की राग येतो, पण वाद घालायला समोर माणूस नव्हता, कागद होता. कागदाशी भांडण किती वेळ चालणार? मेहबूबभाई समितीत नाहीत, तरी खिडकीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना कळलं असावं. मी काही सांगितलेलं नाही.

काळा, लेझर, दोन्ही बाजूंनी छापणारा, मोठ्या ताटाचा, असा ठरला. बुलढाण्याच्या दुकानात धम्मशीला बाईंनी आणखी एक सोय शोधून काढली. प्रत्येक पोराला आपला एक आकडा. आपला कागद आपण मशीनपाशी जाऊन तो आकडा दाबल्यावरच बाहेर येतो. कोणाचे कागद ताटात लोळत पडत नाहीत, दुसरा कोणी चाळत नाही. हे मेहबूबभाईंना फार पटलं. मुबीनाचं जाणं चालू राहील म्हणाले, मशीन येऊ द्या.

आणखी एक, विषय निघाला नसला तरी. तो फ्लेक्स आता कोपऱ्यावर नाही.

तुला वाटत असेल की अजून आहे. तू राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झाल्याचं फोनवर सांगितलंस, मी पेढे वाटले, शालिग्रामांनी तुझा कोट घातलेला फोटो आणि खाली 'गावाचा अभिमान' असा फ्लेक्स विहाराच्या कोपऱ्यावर लावला. पुढे निवडीची शेवटची यादी लागली आणि तिच्यात तुझं नाव कुठेच नव्हतं. तुझा फोन लागेना. फ्लेक्सही कोणी काढेना, कारण काढायचा म्हणजे बोलावं लागलं असतं. शेवटी एका पावसाळी सकाळी मेहबूबभाईंनी कोणाला न विचारता तो उतरवला आणि शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला, छापील बाजू आत करून. तेव्हा तुझं तोंड सध्या फक्त शेळ्यांना दिसतं आणि त्यांनी अजून निकालाचं विचारलेलं नाही.

तुझा
बाबा


देऊळघाट
२७ ऑगस्ट २०२४

चि. प्रसेन,

रविवारी फोनवर तुला तिकडे काय ऐकू आलं ते तुझं तुला माहीत. इकडे काय चाललं होतं ते मी सांगतो, नाहीतर तुला वाटेल तुझा बाप एकटाच कोपऱ्यात उभा राहून बोलत होता.

मशीन शनिवारी आलं. खोका पाहून पोरं इतकी खूश की दोघांनी खोक्याबरोबर फोटो काढला. रविवारी सकाळी वंदना झाली, मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली, मशीनला झेंडूचा हार घातला. हार मी लगेच काढायला लावला, तेवढी अक्कल मला होती. बाकीची नव्हती.

झालं असं की मशीन खोक्यातून निघालं तेव्हा त्याच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक होतं. शालिग्राम म्हणाले, "राहू द्या. कव्हर काढलं का वस्तू जुनी झाली." आणि खरं सांगतो, कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. शालिग्रामांच्या घरचा सोफा प्लास्टिकमध्ये आहे, तो त्यांच्या पोरीच्या जन्माच्या वेळचा आहे आणि पोरीचं आता लग्न ठरलं आहे. मेहबूबभाईंच्या फ्रिजच्या दारावर कंपनीचं स्टिकर अजून आहे. आपल्या घरच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्याला रबर मी स्वतः लावलं आहे. वस्तू जपणं यालाच आपल्याकडे संस्कार म्हणतात. म्हणून आम्ही मशीनचं प्लास्टिक काढलं नाही. कागद बाहेर येतो तिथे ब्लेडने एक खिडकी कापली, कागद भरतो तिथे दुसरी. फार नीट कापली होती, धम्मशीला बाईंनी पट्टी लावून. आत कुठे कुठे नारिंगी चिकटपट्ट्या होत्या. त्या कंपनीने लावल्या म्हणजे काहीतरी विचार करूनच लावल्या असणार, असं शालिग्राम म्हणाले.

सुरू केलं. आतून खडखड, मग करकर, मग गप्प. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. ओढला तर फाटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच, आणि या वेळी वास यायला लागला. बुलढाण्याच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, माणूस पोळा झाल्यावर येईल. सोमवारी सकाळी पोरांचा पेपर होता, केंद्र अकोल्याला, आणि हॉल तिकिटं कोणीच काढलेली नव्हती, कारण नवं मशीन येणार म्हणून सगळे थांबले होते. रविवारी बुलढाण्यातली अर्धी दुकानं बंद असतात.

अशा वेळी प्रत्येकजण निवडीला नावं ठेवतो. शालिग्राम म्हणाले, मी रंगीतच घ्या म्हणत होतो. एक पोरगा म्हणाला, लेझरच वाईट. आणि दारात मेहबूबभाई उभे होते, मुबीनाची पिशवी खांद्यावर घेऊन. त्यांनी काही टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाले, "चाल बेटा." मुबीना वही बंद करत होती. ती रडत नव्हती, ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

मग मी खिशातून तुझा लिफाफा काढला. चष्मा त्या दिवशी जवळ होता. मागचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून कोणी तिऱ्हाईत बोलेल, असंच मी धरून चाललो होतो. तू उचललास.

"नमस्कार, झेरॉक्स सेंटर, बोला."

तुझा आवाज मी वर्ष उलटल्यावर ऐकत होतो. धम्मशीला बाईंनी मला कोपर मारलं तेव्हा मी म्हटलं, प्रिंटरबद्दल विचारायचं होतं. तू तिऱ्हाइतासारखं मॉडेल विचारलंस, काय होतंय ते विचारलंस, एकदम पुण्याच्या बोलीत. मीही तुला साहेब म्हणत होतो. आपण दोघंही छान नाटक करत होतो, मला वाटतं ते तसंच शेवटपर्यंत गेलं असतं. तू विचारलंस, आतल्या नारिंगी टेप काढल्या का? मी म्हटलं, नाही, कंपनीच्या आहेत. तू विचारलंस, आणि बाहेरचं प्लास्टिक? मी म्हटलं, ते आहेच, तोंडापाशी कापलं आहे.

तिथे तुझी पुण्याची बोली सुटली. मग ओरडलास.

"बाबा, आधी प्लास्टिक काढा! ते काऊन ठेवलं? मशीन आतून तापते, वास येऊन राह्यला असन नं? जळन सारं. पहिले बटन बंद करा, मंग प्लास्टिक, मंग आतल्या साऱ्या टेपा, एक बी ठेवू नका."

सगळ्यांनी 'बाबा' ऐकलं. सगळ्यांना कळलं पुण्यातले जाणकार कोण आहेत आणि फोन कुठल्या दुकानात वाजला ते. मी एवढे दिवस जे सांभाळून ठेवलं होतं ते एका दमात स्पीकरवरून सगळ्या अभ्यासिकेत गेलं. मला वाटलं आता कोणीतरी काहीतरी बोलणार.

पण मुबीना पुढे आली, प्लास्टिकला हात घातला आणि टर्रकन फाडलं. मग सगळ्यांनीच. नारिंगी पट्ट्या किती निघाल्या म्हणून सांगू, एक तर ड्रमच्या पोटाशी होती. तू तिकडून एकेक जागा सांगत होतास, दार उघडा, हिरवी कळ दाबा, पावडरच्या डब्याची पट्टी सरळ ओढा, आणि इकडे पोरं तुला 'दादा, हे काय आहे, दादा, हे काढू का' असं विचारत होती. मला कोणी विचारेना. माझा फोन, माझा पोरगा, आणि मी भिंतीला टेकून उभा. पहिलं पान निघालं तेव्हा तू म्हणालास, गरम आहे का? मी म्हटलं, आहे. तू म्हणालास, मग बरोबर आहे.

आणि फोन ठेवलास. निरोपाचं काही बोलला नाहीस. दुकानात गिऱ्हाईक असेल.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची हॉल तिकिटं निघाली. मेहबूबभाई तोपर्यंत पिशवी खांद्यावर घेऊन दारात बसून होते. मुबीनाने शेवटी आपला आकडा दाबला, तिचे कागद निघाले, तिने ते आजोबांच्या हातात दिले. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि पिशवी परत तिच्या बाकावर ठेवून एकटेच घरी गेले.

तुझा
बाबा


देऊळघाट
१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रसेन,

मशीन उत्तम चाललं आहे. कागद डाळीच्या डब्यात असतो. आता तुला खरं सांगायला हरकत नाही, कारण लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझा पत्ता मला उन्हाळ्यातच मिळाला होता. तुझ्या जुन्या खोलीवर आईने पाठवलेलं पाकीट परत आलं, वर शेरा, 'पत्त्यावर राहत नाही'. असा शेरा मी स्वतः हजारो वेळा मारला आहे. तो आपल्या नावावर आलेला पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लोक तो हातात धरून इतका वेळ उंबऱ्यात का उभे राहायचे. त्या दिवसांत वर्तमानपत्रात पुण्यात खोलीवर राहून परीक्षा देणाऱ्या कुठल्या पोराची वाईट बातमी आली की तुझी आई आधी गावाचं नाव वाचायची, मग बाकीचं. मला विचारत काही नव्हती. मी पेपर लपवायला लागलो, तर ती मेहबूबभाईंच्या घरी जाऊन वाचायला लागली. मला भीती वाटत होती, प्रसेन. दिवसभर वाटायची. मी ती कोणाला बोलून दाखवली नाही, आज तुला दाखवतो.

मग मी पोस्टातल्या माणसाला जे करता येतं ते केलं. बुलढाण्याच्या हेडऑफिसातल्या जुन्या सोबत्याला सांगितलं, त्याने पुण्यातल्या सोबत्याला, आणि असं करत तुझ्या भागात टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपर्यंत गोष्ट गेली. पोलिसांना जे सापडत नाही ते पोस्टमनला सापडतं, कारण तो रोज त्याच रस्त्याने जातो. आठ दिवसांत त्याचा फोन आला. म्हणाला, तुमचा मुलगा परीक्षेच्या पोरांच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. तीन मोठी मशीनं तोच चालवतो. मी रोज रजिस्टर टपाल द्यायला जातो, मला पाणी देतो. घाईत असला की तुमच्यासारखं बोलतो.

मी तेव्हा आपल्या पोस्टाच्या बाकावर बसलो होतो. फोन ठेवला आणि मला रडू आलं. नवीन पोस्टमास्तर पोरगी घाबरली, चहा मागवला. मी तिला म्हटलं, काही नाही, पोराला नोकरी लागली. ती म्हणाली, अभिनंदन काका, कुठे? मी म्हटलं, छपाईत. खोटं काही बोललो नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, जेवतो का? तेव्हापासून आम्ही दोघं तुला पत्र लिहायचं निमित्त शोधत होतो. प्रिंटर आला नसता तर मी तुला विहाराच्या पंख्याबद्दल विचारलं असतं.

आता गावाचं. मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शालिग्राम आले. मी तयारीनिशी बसलो होतो. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंग प्रसेनजित साहेब नाई झाला?"

मी म्हटलं, "नाई झाला. हाय तिथं सुखात हाय, कामाले हाय. साऱ्या परीक्षेवाल्या पोराइचे कागद तोच काढून देते."

शालिग्रामांनी रिकामा पेला खाली ठेवला. तुझ्या आईने आत भांडी घासायचं थांबवलं होतं, ते मला ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "मंग माह्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका तो काढून देईन काय? रंगीत पायजे पण."

झालं, एवढंच. एवढ्यासाठी तू आणि मी दोघंही वर्षभर तोंड लपवून बसलो होतो. आत भांडी पुन्हा वाजायला लागली. मी इतका हसलो की शालिग्रामांना वाटलं मी नाही म्हणतो आहे.

अभ्यासिकेतली पोरं विचारतात, दादा कधी येणार. मशीनला आता 'दादाचं मशीन' म्हणतात. पावडर बदलायची वेळ दिवाळीच्या आसपास येईल असं धम्मशीला बाई म्हणतात, पण दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ये. कोणी काही विचारणार नाही, आणि विचारलं तर मी सांगून ठेवलेलं आहे. मेहबूबभाई म्हणतात, गोठ्यावरचा फ्लेक्स काढू का? मी म्हटलं राहू द्या, पोरगा आला की त्यालाच दाखवू. हसेल.

तुझी आई आज मात्र लिहायला सांगते आहे. ती म्हणते, डबा विहारात गेला, डाळीला अळ्या व्हायला लागल्या. येताना एक नवा डबा घेऊन ये. घट्ट झाकणाचा.

तुझा
बाबा


पुणे
२३ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आई,

जयभीम.

हे पत्र हाताने लिहितो आहे. चौथ्यांदा लिहितो आहे, आधीचे तीन फाडले. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे कागद काढतो, त्यामुळे स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो.

बाबा, तुमचं पहिलं पत्र मी चार दिवस नाही, आठ दिवस उघडलं नव्हतं. मशीनच्या ताटाखाली ठेवलं होतं. उघडलं तेव्हा वाटलं शेवटी निकालाचं काढालच. शेवटपर्यंत वाचलं, तर खरंच सगळं प्रिंटरबद्दल. मग मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. मालक म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, गावाकडून काम आलंय.

लिफाफा मी मुद्दाम दुकानाचा वापरला होता.

शालिग्राम काकांना सांगा, पत्रिका रंगीतच काढून देतो, चांगल्या जाड कागदावर. मुबीनाला सांगा, छापायच्या आधी पडद्यावर पान नीट बघायचं, पोरं घाईत दोनदा छापतात. आणि मशीनवर पुन्हा कोणी काही पांघरलं तर मला लगेच फोन करा. माझ्या नंबरवर करा. तो आता चालू आहे.

सुट्टी मागितली, मिळाली. दसऱ्याच्या आधल्या दिवशी सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला उतरतो. स्टँडवर कोणी यायची गरज नाही, पण आलात तर बरं वाटेल.

आई, डबा घेतला. स्टीलचा घेतला, गंजणार नाही. झाकण घट्ट आहे का ते दुकानदारासमोर पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं, शेवटी तो वैतागला. त्यावर प्लास्टिक होतं, ते मी तिथेच काढून टाकलं.

मागच्या वेळी कागदाखाली नाव घालायचं राहिलं होतं. या वेळी घालतो.

तुमचा
प्रसेनजित